मेमरीचा चोख हिशोब

भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर मी बचत गटांच्या कामासाठी फिरते. गटाच्या रजिस्टरशेजारी आता मोबाइलही असतो. निम्मा अर्ज भरून फोटो काढायला कॅमेरा उघडावा, तर परत येईपर्यंत अर्ज कोरा! मग बायकांना वाटतं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. मैत्रिणींनो, बहुतेक वेळा तसं नसतं. यामागचं कारण शोधताना मला एका मोठ्या माणसाची ओळख झाली. त्यांचं नाव डेनिस रिची.

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला. वडील बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. डेनिस हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले, मग गणिताकडे वळले. डॉक्टरेटचा प्रबंधही लिहिला. पण त्याची बांधीव प्रत काही जमा केली नाही, त्यामुळे पदवी राहिली ती राहिलीच! १९६७ मध्ये तेही बेल लॅब्जमध्ये लागले आणि २००७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथलेच झाले.

१९६९ मध्ये केन थॉम्प्सन या सहकाऱ्यानं युनिक्स ही संगणक चालवणारी यंत्रणा तयार करायला घेतली. रिची त्यांच्या जोडीला होते. पुढे त्यांना जो नवा संगणक मिळाला, त्याची मेमरी अवघी २४ किलोबाइट. आजच्या ४ जीबीच्या साध्या फोनमध्ये तिच्या सुमारे पावणेदोन लाख पट जागा असते! त्या २४ पैकी १६ यंत्रणेलाच लागायचे आणि उरलेल्या ८ मध्ये बाकी सगळा संसार. अशा ओढगस्तीच्या दिवसांतच रिचींनी सी ही भाषा घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, याच भाषेत नव्यानं लिहिला गेला.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निहन यांच्यासोबत त्यांनी सी भाषेवर पुस्तक लिहिलं. त्याच्या शेवटच्या प्रकरणात मेमरी मागायची कशी आणि वाटायची कशी, याचा नमुना आहे. मला तो थेट आपल्या बचत गटासारखा वाटला.

कर्नेल म्हणजे बँक. सगळी मेमरी तिच्या ताब्यात, कुणी परस्पर हात लावायचा नाही. गटातल्या प्रत्येकीनं थोड्याथोडक्या पैशासाठी डोंगर उतरून बँकेत जायचं नसतं. गट एकदम मोठी रक्कम आणतो आणि गरजेप्रमाणे वाटतो. सी भाषेत हे गटाचं काम मॅलॉक करतं. ते कर्नेलकडून एकदम मोठा तुकडा मागून घेतं आणि प्रोग्रामला लागेल तसा देतं. परत आलेली जागा स्वतःकडे ठेवून पुढच्या कामाला वापरतं. प्रोग्राम बंद झाला की कर्नेल सगळं परत घेतं. आणि कुणी दुसऱ्याच्या जागेत शिरायला गेलं, तर त्याला जागच्या जागी थांबवतं.

सी भाषेत जागा परत करायची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची. तो विसरला की जागा अडकून बसते, थकबाकीसारखी. नंतरच्या जावा, पायथन या भाषांनी ही आवराआवर स्वतःकडे घेतली. पण मागणी शेवटी कर्नेलकडेच जाते.

आपल्या अँड्रॉइड फोनमधलं लिनक्स कर्नेल युनिक्सच्याच वळणाचं आणि बहुतांश सी भाषेतलंच आहे. कॅमेऱ्याला भरपूर मेमरी लागते. ती कमी पडली की मागे उघडा असलेला अर्ज फोन बंद करून टाकतो. म्हणून फोटो आधीच काढून ठेवावा, नको ती अ‍ॅप्स बंद करावीत आणि सोय असेल तिथं भरलेली माहिती जतन करत जावी.

रिची आणि थॉम्प्सन यांना १९८३ मध्ये ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. रिची मात्र शेवटपर्यंत साधे आणि अबोल राहिले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतल्या घरी ते मृतावस्थेत आढळले. एकटेच राहत होते. आठवडाभर आधी स्टीव्ह जॉब्ज गेले, तेव्हा जगभरातली वर्तमानपत्रं भरून गेली होती. रिचींच्या वाट्याला त्या मानानं चार ओळी आल्या.

आमच्या गटांतही सत्काराच्या फोटोत रजिस्टर लिहिणारी बाई कडेलाच उभी असते. गट टिकतो तो मात्र तिच्या हिशोबावर.