जिम कॉर्बेट आणि त्यांची हलकी रायफल

कुमाऊंच्या डोंगरांतील नरभक्षक वाघांच्या हकिगतींनी मराठी वाचकांच्या काही पिढ्यांना रात्र रात्र जागे ठेवले आहे. या हकिगतींचे नायक आणि लेखक जिम कॉर्बेट यांच्या धैर्याविषयी सर्वत्र आदराने बोलले जाते. त्यांच्या हाती असलेल्या हत्याराचा विचार मात्र त्या मानाने कमी होतो. डोंगरात पायी फिरणाऱ्या शिकाऱ्याने कोणती बंदूक निवडावी, हा वरवर पाहता केवळ तांत्रिक प्रश्न वाटतो. कॉर्बेट यांच्या चरित्रात तो प्रश्न जीवनमरणाचा होता. त्यांनी तो कसा सोडवला हे पाहिले म्हणजे त्यांच्या स्वभावाचीही ओळख पटते.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील क्रिस्टोफर कॉर्बेट हे तेथील पोस्टमास्तर होते. त्यांचे निधन १८८१ मध्ये झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन यांच्यावर पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कालाढुंगी येथे, असा या कुटुंबाचा परिपाठ होता. कालाढुंगीच्या रानातच जिमचे खरे शिक्षण झाले. पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे आवाज, धुळीतील पावलांचे ठसे, वाऱ्याची दिशा, वानरांनी दिलेला इशारा यांचा अर्थ लावण्यास ते बालपणीच शिकले.

त्यांची पहिली हत्यारे म्हणजे गलोल आणि धनुष्यबाण. त्यानंतर एक जुनी ठासणीची दुनळी बंदूक त्यांना मिळाली. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधून ठेवलेला होता. पुढे नैनितालच्या स्वयंसेवक दलातील बालवीरांच्या तुकडीत असताना त्यांना मार्टिनी जातीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल वापरण्यास मिळाली आणि तिनेच त्यांनी आपला पहिला बिबट्या टिपला. ज्याच्या बंदुकीत एकच बार आहे, त्याला तो उडवण्यापूर्वी विचार करावा लागतो. जनावराच्या पुरेसे जवळ जाणे, नेमके स्थान हेरणे आणि खात्री नसेल तर चापावरील बोट आवरणे, ही शिस्त त्यांच्या अंगी या अभावातूनच बाणली.

तारुण्यात ते रेल्वेच्या नोकरीत शिरले. बिहारात गंगाकाठच्या मोकामा घाटावर मालाची चढउतार करण्याचा ठेका त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळला. शिकार हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीचा बंदोबस्त करण्याची विनंती त्यांना करण्यात आली, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. सरकारने लावलेली बक्षिसे रद्द करावीत आणि त्या भागातील इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणून आपली गणना व्हावी हे त्यांना मान्य नव्हते आणि झाडीत चुकून कोणाच्या गोळीला बळी पडण्याचीही त्यांची तयारी नव्हती.

नेपाळात आणि कुमाऊंत मिळून या वाघिणीने ४३६ माणसे मारल्याची नोंद होती. पाली गावचे लोक घराबाहेर पडेनासे झाले होते. त्यांचा विश्वास संपादन करण्यासाठी कॉर्बेट यांनी प्रथम घोरलाची, म्हणजे कड्याकपारींवर राहणाऱ्या डोंगरी वनबकरीची, शिकार करून त्यांना मांस दिले. लांबच्या अचूक नेमासाठी त्यांनी त्या वेळी मार्टिनी-हेन्री रायफल वापरली. वाघिणीसाठी मात्र त्यांच्या हाती मोठ्या तोंडाची जड दुनळी रायफल होती. अखेरच्या प्रसंगी त्यांच्यापाशी तीनच काडतुसे होती. ती संपली, वाघीण जखमी झाली, तरी पडली नाही. शेवटचा बार त्यांना धावत जाऊन घेतलेल्या तहसीलदारांच्या बंदुकीने टाकावा लागला.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेट यांना एक रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख असलेली चांदीची पट्टी जडवलेली होती. लंडनच्या रिग्बी कंपनीची ती .२७५ बोअरची रायफल पुढे कॉर्बेट यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

तिची रचना समजून घेतल्याशिवाय तिचे महत्त्व कळणार नाही. ती बोल्ट-ॲक्शन जातीची असून तिची यंत्रणा जर्मनीतील माउझर पद्धतीची होती. नळीच्या मागे दाराच्या अडसरासारखा एक पोलादी बोल्ट असतो. त्याची मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढे ढकलली की मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत बसते. नळी एकच असल्यामुळे आणि काडतूस मध्यम शक्तीचे असल्यामुळे अशी रायफल साधारण सात-साडेसात पौंडांत बसते. हे काडतूस मुळात माउझरचे सात मिलिमीटरचे लष्करी काडतूस होते आणि बोअर युद्धात त्याचा दबदबा इंग्रजांनी अनुभवला होता. त्याचा धक्का सौम्य असल्याने बंदूक हलकी ठेवूनही खांद्याला त्रास होत नाही. गोळी वेगाने आणि फारशी खाली न झुकता जात असल्यामुळे दरीच्या पलीकडील उतारावरही नेम धरता येतो.

त्या काळी हिंदुस्थानात वाघाच्या शिकारीसाठी प्रतिष्ठित मानली जाणारी रायफल वेगळी होती. कॉर्बेट यांच्याकडेही .४५०/४०० बोअरची दुनळी रायफल होती. अशा रायफलीचे वजन दहा पौंडांच्या घरात जाते. तिची गोळी ४०० ग्रेनची, तर रिग्बीची त्या काळची वेगवान गोळी सुमारे १४० ग्रेनची, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दुनळीचे दोन बार क्षणात उडवता येतात. बोल्टच्या रायफलीत पाच काडतुसे राहत असली, तरी दोन बारांच्या मध्ये हात चालवावा लागतो. हत्तीवर किंवा मचाणावर बसणाऱ्या शिकाऱ्याला बंदुकीच्या वजनाची पर्वा करण्याचे कारण नव्हते. दिवसाकाठी वीस-वीस मैल चढउतार तुडवणाऱ्या, ओढ्यांतून रांगणाऱ्या, कड्याला एका हाताने धरून वर चढणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा होता. संध्याकाळी थकलेल्या हातात जी बंदूक अजूनही स्थिर राहते, तीच त्याच्या उपयोगाची. मग तिच्या गोळीत जे बळ कमी असेल, ते त्याने जवळ जाऊन आणि नेमाने भरून काढावयाचे.

या हिशेबाची कसोटी ११ एप्रिल १९३० रोजी लागली. चौगढच्या वाघिणीने १९२५ पासून ६४ माणसे मारली होती. त्या दिवशी कॉर्बेट दोन साथीदारांसह एका ओढ्याने उतरत होते. वाटेत त्यांना रातवा पक्ष्याची अंडी दिसली. अंड्यांचा आकार नेहमीपेक्षा निराळा होता आणि पक्ष्यांची अंडी जमवण्याचा त्यांना छंद होता. त्यांनी ती शेवाळात ठेवून डाव्या हातात घेतली. उजव्या हातात हलकी रिग्बी रायफल होती. एका मोठ्या शिळेला वळसा घालून ते पुढे आले आणि मागे वळून पाहतात तो सुमारे आठ फुटांवर वाघीण दबा धरून बसलेली. त्यांनी रायफल एकाच हाताने, तिची नजर चाळवणार नाही इतक्या मंद गतीने, जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवली. हात गळून जाईल असे वाटत असतानाच नळी तिच्या अंगावर आली आणि त्यांनी चाप ओढला. वाघीण होती तेथेच कोसळली.

या प्रसंगाचा विचार करताना कॉर्बेट यांनी पुढे लिहिले की, ज्या गोष्टी वाचकाला प्रतिकूल वाटतील त्या वस्तुतः त्यांना अनुकूल ठरल्या. हातात अंडी नसती तर त्यांनी दोन्ही हातांनी बंदूक धरून झटक्यासरशी वळण्याचा प्रयत्न केला असता आणि त्या हालचालीनेच वाघिणीने झेप घेतली असती. रायफल हलकी नसती तर ती एका हाताने फिरवता आलीच नसती. दुसऱ्या बाराला मात्र वाव नव्हता, कारण बोल्ट ओढण्यास दुसरा हात मोकळा नव्हता. बालपणी फुटक्या बंदुकीने शिकवलेला धडा त्या क्षणी कामी आला. वाघीण मेल्यावर त्यांनी ती अंडी परत नेऊन घरट्यात ठेवली. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हा पक्षीण त्यांवर येऊन बसली होती.

तथापि हलक्या रायफलीचा त्यांनी हट्ट धरला नाही. मोहानच्या आणि ठाकच्या नरभक्षकांच्या वेळी त्यांच्या हाती जड दुनळी रायफल होती. १९१० मध्ये पनारच्या बिबट्यासाठी रात्री झाडावर बसले, तेव्हा त्यांनी साधी छऱ्याची बंदूक घेतली. अंतर, उजेड, झाडी आणि चालावयाची वाट पाहून हत्यार ठरवावे, हा त्यांचा नियम होता.

या काटेकोरपणामागे आणखी एक कारण होते. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले होते. कोणाच्या तरी चुकलेल्या गोळीने ती जखम केली होती आणि त्यामुळे तिला नेहमीचे भक्ष्य मारणे अशक्य झाले होते. निष्काळजीपणे टाकलेला एक बार शेकडो घरांत आकांत माजवू शकतो, हे कॉर्बेट यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मध्यम गोळीची रायफल घेऊन अविचाराने लांबून बार टाकणारा शिकारी नवा नरभक्षक निर्माण करतो. म्हणून हलके हत्यार उचलण्याचा अधिकार त्यांच्या मते ज्याचा नेम आणि संयम पक्का आहे त्यालाच होता.

हळूहळू त्यांच्या हातात बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. वाघांची चलच्चित्रे घेण्यात त्यांना शिकारीहून अधिक आनंद मिळू लागला. १९३६ मध्ये हिंदुस्थानातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्यांचाही प्रयत्न होता. आज ते उद्यान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३८ च्या नोव्हेंबरात ठाकची वाघीण मारली, ती त्यांची शेवटची नरभक्षक शिकार. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांना जंगलातील लढाईचे शिक्षण दिले. नरभक्षकांवरील त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४४ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

१९४७ च्या नोव्हेंबरात ते बहीण मॅगी यांच्यासह केनियात न्येरी येथे जाऊन राहिले. तेथेच १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. रिग्बी रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे जाऊन दीर्घकाळ तेथे राहिली. २०१५ मध्ये ती ज्या कंपनीने बनवली तिच्याकडे परत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कुमाऊंच्या डोंगरांत हौसेची शिकार उरलेली नाही. तेथील गावांत मात्र कॉर्बेटसाहेबांचे नाव अजून आपुलकीने घेतले जाते. सरपणासाठी रानात गेलेली बाई संध्याकाळी सुखरूप घरी परतावी, एवढ्यासाठी त्यांनी त्या वाटा तुडवल्या होत्या आणि त्या वाटांवर शेवटपर्यंत वाहून नेता येईल अशीच बंदूक त्यांनी निवडली होती.