रेव्हरंड टिळकांची प्रार्थना : एकांत आणि समुदाय

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव पदव्युत्तर वर्गात बहुधा दोन निमित्तांनी येते : निसर्गाची व मुलाफुलांची कविता लिहिणारे कवी म्हणून आणि 'स्मृतिचित्रे'तील लहरी, उदार, विसराळू पती म्हणून. त्यांच्या काव्यातील सर्वांत मोठा भाग, म्हणजे ख्रिस्तभक्तीची पदे व अभंग, अभ्यासक्रमाच्या कडेला राहतो. हा भाग धार्मिक वाङ्मयाचा म्हणून बाजूला ठेवल्यास टिळकांच्या चरित्रातील मुख्य प्रश्नच हातचा सुटतो. देवापुढे एकट्याने उभे राहायचे की समुदायात, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने त्यांच्या जीवनाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुटुंबात झाला. बालपणाचा काही काळ कल्याणला गेला. आई जानकीबाई भक्तिमार्गी, पदे व ओव्या मुखी असलेल्या; वडील कडक. आई लवकर गेली, आणि पुढे घर असे राहिलेच नाही. नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी, म्हणजेच लक्ष्मीबाईंशी, त्यांचा विवाह झाला. या दुसऱ्या घराविषयी एक गोष्ट येथे नमूद करणे अगत्याचे आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचे जे वेड घेतले होते, त्यात पूजा ही इतरांच्या स्पर्शापासून जपायची वस्तू झाली होती. माणूस जवळ आला की देव दूर गेला, असा तो एकांत होता. ख्रिस्ती प्रार्थनेतील एकांत याहून अगदी वेगळ्या जातीचा आहे, आणि टिळकांना तो पुढे एका पुस्तकात भेटला.

नोकरी, कीर्तने, प्रवचने, पुराणे, वाद यांत टिळकांची पुढील वर्षे भटकंतीत गेली. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते काही काळ स्थिरावले व 'ऋषि' हे मासिक त्यांनी चालविले. १८९३ साली राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले व त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. दिलेले वचन पाळावे म्हणून त्यांनी वाचन आरंभले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. या प्रवचनाच्या मध्यभागी प्रार्थनेचा उपदेश आहे. त्यात आधी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून केलेल्या प्रार्थनेचा निषेध करून खोलीचे दार लावून घेण्यास सांगितले आहे. मग लगेच जी प्रार्थना शिकविली आहे, तिच्यात प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनाम एकदाही येत नाही. बाप आमचा, भाकर आमची, अपराधही आमचे. दार बंद, तरी उच्चार बहुवचनी. टिळकांच्या पुढील पंचवीस वर्षांचा तणाव या एका अध्यायात सामावलेला आहे असे मला वाटते.

आरंभी मात्र त्यांच्या वाट्यास केवळ बंद खोलीच आली. नवी श्रद्धा त्यांनी घरात लपवून ठेवली. मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. महाराष्ट्रातील संतकवींना इंग्रजीत नेणारे ते हेच अ‍ॅबट. हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्या दिवशी त्यांना एक मंडळी मिळाली व कुटुंब गेले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह माहेरच्या माणसांच्या आसऱ्यास राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. पती एका देवाच्या सभेत, पत्नी दुसऱ्या देवाच्या दारी. या वियोगाची हकीकत 'स्मृतिचित्रे'त विनोदाच्या आवरणाखाली आहे, पण त्या विनोदाने वाचकाने फसू नये. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, तरी त्यांनी लगेच धर्म बदलला नाही आणि टिळकांनीही तो लादला नाही. एका छपराखाली दोन उपासना चालल्या. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. जातिभेदाची बंधने त्यांच्या मनातून प्रथम गळाली व ख्रिस्त नंतर आला, हा क्रम त्यांच्या आत्मकथनातून स्पष्ट दिसतो. टिळकांना दोन वर्षांचे वाचन पुरले. लक्ष्मीबाईंना पाच वर्षांचे जगणे लागले.

नगरला टिळक मिशनच्या धर्मशिक्षणाच्या कामात होते व १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९०७ चे जळगावचे कविसंमेलन, बालकवी ठोंबरे यांचे टिळकांच्या घरातील वास्तव्य या गोष्टी वाचकांस परिचित आहेत. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते.

परंतु खरी घडामोड रविवारच्या उपासनेत होत होती. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१३ पासून मुंबईत व १८३१ पासून नगरला काम केले होते आणि त्यांच्या मंडळ्यांतून गायिली जाणारी गीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. चाल परकी, वृत्त ओढाताणीचे. शब्द मराठी असूनही जिभेवर बसत नसत. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडून या कोंडीत एक वाट आधीच काढली होती, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. टिळकांनी ती वाट रुंद केली. धर्मांतरानंतर काही वर्षे ते संतवाङ्मयापासून दूर राहिले होते. मग ते ज्ञानेश्वर, नामदेव, तुकारामांकडे परतले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची धारणा झाली. ख्रिस्ताला माउली म्हणणे, गुरू म्हणणे, त्याच्याशी भांडणे, रुसणे हे सारे त्यांच्या अभंगांत या परतीतून आले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने उलट दिशेचा प्रवास केला होता. आठवड्याची सामुदायिक उपासना ही चौकट ख्रिस्ती पद्धतीशी मिळतीजुळती आणि तिच्यात तुकोबांचे अभंग, असा तो मेळ होता. टिळकांजवळ सामुदायिक चौकट आयतीच होती. उणा होता तो एकट्या माणसाचा आर्त स्वर. तो त्यांनी अभंगातून आणला. अभंग हा रचनेने एकट्याचा आणि गायनाने सर्वांचा असतो. त्यातील मी ही हजार मुखांनी उच्चारायची जागा असते. तुकोबा शेवटच्या चरणात स्वतःचे नाव घालतात. टिळक अनेक अभंगांच्या अखेरीस केवळ दास अशी मुद्रा घालतात. ही विनयाची रूढ खूण म्हणून सोडून देता येईल, पण तिचा परिणाम वेगळा आहे. कवीचे नाव नसल्याने गाणारा प्रत्येक जण तो दास होतो. मंडळीतील शेतमजूर, मिशन शाळेतील मुलगी, नगरचा पंतोजी, सर्वांची ती खाजगी प्रार्थना होते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त त्यांच्या रचनांचा वाटा मोठा असण्याचे एक कारण यात शोधता येईल.

पनवेलच्या माझ्या वर्गात मी कवीचे नाव न सांगता हे अभंग वाचून दाखवीत असे, तेव्हा पुष्कळ विद्यार्थी त्यांना वारकरी परंपरेतील मानीत, आणि ख्रिस्ताचे नाव आले की चमकत. त्यांच्या चमकण्याचे मला नवल वाटते. याच गावात १८४९ चे बेथ एल सिनेगॉग आहे, आणि कोकणातील बेने इस्राएलांनीही एकोणिसाव्या शतकात आपल्या धर्मग्रंथांतील आख्याने मराठी कीर्तनातून लावली होती. कीर्तन-अभंगाचा हा साचा एका धर्माच्या मालकीचा राहिलेला नाही.

गीतांनी मंडळी बदलली, पण टिळकांचे समाधान झाले नाही. पगारी धर्मकार्य, परदेशी निधीवर उभी राहिलेली संस्था आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीने आखलेली समुदायाची सीमा यांचा त्यांना काच होऊ लागला. १९१७ मध्ये, तीव्र अशा आंतरिक अनुभवानंतर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र प्रार्थनेस बसावेत, अशी ही कल्पना होती. मिशनच्या दृष्टीने ही धोक्याची गोष्ट होती व तिचे म्हणणे निराधार नव्हते : जेथे प्रवेशाला खूणच नाही, तेथे समुदाय टिकतो कसा, हा प्रश्न उरतोच. टिळकांचा स्वभावही संस्था चालविण्याचा नव्हता. मात्र स्वतःच्या घरात, लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्यापूर्वीच्या सहवासात, त्यांनी व लक्ष्मीबाईंनी असाच एक दरबार नकळत भोगला होता, हे चरित्रकारांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. वेगळी श्रद्धा असलेले माणूस शेजारी बसून प्रार्थना करू शकते, हा सिद्धांत त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता.

दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. याच विन्स्लोंनी आदल्या वर्षी ख्रिस्त सेवा संघ काढला होता, आणि त्यातील आश्रमजीवनाच्या कल्पनेचे टिळकांशी असलेले नाते उघड आहे.

'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिले होते. ते अपुरे राहिले. ज्या स्त्रीने एकेकाळी पतीच्या नव्या देवाचे नाव ऐकून अंथरूण धरले होते, तिने पुढे ते हाती घेतले व वर्षानुवर्षे ओव्या रचून बहुतेक सारे काव्य तडीस नेले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा शेवटचा भाग राहिला होता. तो पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.