उपेक्षित भेदाचा द्रष्टा: एमिल ब्रुम्प्ट

आमांशाचा अमीबा ज्याच्या आतड्यात सापडतो, तो माणूस आजारी असलाच पाहिजे का? विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाने वैद्यकाला कोड्यात टाकले होते. त्याचे अचूक उत्तर देऊनही ज्यांच्या पदरी हयातभर उपेक्षाच आली, ते फ्रेंच परजीवीशास्त्रज्ञ म्हणजे एमिल ब्रुम्प्ट.

पॅरिसमध्ये १८७७ साली जन्मलेले ब्रुम्प्ट तरुणपणीच आफ्रिका खंड ओलांडणाऱ्या मोहिमेत सामील झाले. १९१० मध्ये त्यांचा परजीवीशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेत ते या विषयाचे प्राध्यापक झाले. संशयित रुग्णाचे रक्त निर्जंतुक कीटकाला पाजून, त्या कीटकाच्या आतड्यात शागास रोगाचे जंतू शोधण्याची पद्धत त्यांनी १९१४ मध्ये मांडली.

आमांशाच्या रुग्णात हा अमीबा प्रथम १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लॉश यांना आढळला. १९०३ मध्ये शाउडिन यांनी त्याला ‘एंटामीबा हिस्टॉलिटिका’ हे नाव दिले. मात्र १९१३ मध्ये मनिला येथील प्रयोगात अमीबाची लागण झालेल्या १८ जणांपैकी अवघ्या चौघांनाच आमांश झाला. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती चांगली असावी, असे बहुतेकांनी मानले.

ब्रुम्प्ट यांनी १९२५ मध्ये वेगळाच सिद्धांत मांडला. हे जंतू एक नसून दोन आहेत. एक आतड्याला व्रण पाडतो, तर ‘डिस्पार’ हा दुसरा निरुपद्रवी असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मांजरीच्या पिल्लांवरील प्रयोगांचा आधारही त्यांनी दिला. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हुबेहूब सारखे दिसत. जो भेद डोळ्यांना दिसत नाही तो मानायचा कसा, हा विरोधकांचा आक्षेप गैरवाजवी नव्हता. परिणामी, निरुपद्रवी जंतू बाळगणाऱ्या असंख्य निरोगी माणसांवरही औषधांचा मारा होत राहिला.

ब्रुम्प्ट १९५१ मध्ये निवर्तले. १९७८ पासून विकरांच्या परीक्षेतून हा भेद उघड होऊ लागला, पुढे जनुकीय पुराव्याने त्याला दुजोरा दिला आणि १९९३ मध्ये दोन स्वतंत्र जाती शास्त्राने मान्य केल्या. केवळ डिस्पार आढळल्यास उपचार नकोत, असा सल्ला १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी दिला. आज केवळ सूक्ष्मदर्शकावर विसंबलेल्या तपासणीच्या अहवालात ही दोन्ही नावे जोडीने लिहिली जातात, ती ब्रुम्प्ट यांच्या दूरदृष्टीची उशिरा मिळालेली पोचपावतीच होय.