जोसेफ पॉसी

जोसेफ लेड पॉसी (जन्म : १४ मे १९०८, अरारात, व्हिक्टोरिया, मृत्यू : ३० नोव्हेंबर १९६२, सिडनी) हे ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ आणि रेडिओ खगोलशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. दोन मार्गांनी आलेल्या एकाच रेडिओ लहरीची तुलना करून तिच्या उगमाची दिशा ठरवण्याचे तंत्र, म्हणजे रेडिओ व्यतिकरणमापन, त्यांच्या गटाने सूर्याच्या अभ्यासासाठी वापरले. याच तत्त्वावर पुढे अंतराळयानांचा मागोवा घेतला जाऊ लागला.

जीवन

शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या पॉसी यांनी मेलबर्न विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १९३४ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर इंग्लंडमध्ये त्यांनी दूरचित्रवाणीच्या अँटेनांवर काम केले. १९४० मध्ये ते सिडनीच्या रेडिओभौतिकी प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे युद्धकाळात रडारवर संशोधन चालू होते.

समुद्रकड्यावरील वेध

युद्ध संपताच रडारची उपकरणे सूर्याकडे वळवण्यात आली. १९४६ च्या आरंभी सिडनीजवळील डोव्हर हाइट्स येथे समुद्रकड्यावरील एकाच अँटेनाने दोन अँटेनांचे काम केले. उगवत्या सूर्याच्या लहरी तिच्यावर थेट येत, तशाच समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होऊनही येत. दोहोंच्या व्यतिकरणावरून तीव्र रेडिओ उत्सर्जन सूर्यावरील डागांच्या समूहातून होते, हे दिसून आले. पॉसी, रुबी पेन-स्कॉट आणि लिंडसे मॅकक्रेडी यांनी १९४७ च्या शोधनिबंधात अशा मोजमापांतून उगमाचे चित्र उभे करण्याची गणिती कल्पनाही मांडली. या श्रेयात पेन-स्कॉट यांचा वाटा मोठा आहे. सूर्याच्या प्रभामंडलाचे तापमान सुमारे दहा लाख अंश असल्याचा रेडिओ पुरावा पॉसी यांनी १९४६ मध्येच दिला होता.

अंतराळयुग सुरू होताच हे तंत्र खगोलशास्त्राबाहेर गेले. १९५७ मध्ये केंब्रिजच्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी व्यतिकरणमापकाने स्पुटनिकची कक्षा काढली. अमेरिकेच्या मिनिट्रॅक या मागोवा-जाळ्याची केंद्रे दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथेही होती. अँटेनांमधील अंतर जितके मोठे तितकी दिशा अचूक मिळते.

भारताशी संबंध

१९५३ मध्ये कोलंबो योजनेखाली गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी पॉसी यांच्या विभागात दाखल झाले. पॉट्स हिल येथील ३२ तबकड्यांची रांग निकामी ठरणार होती. ती भारताला द्यावी, ही स्वरूप यांची विनंती पॉसी यांनी मान्य केली. मात्र वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा यावर पत्रव्यवहार रेंगाळला आणि दरम्यान स्वरूप अमेरिकेला गेले. तबकड्या दिल्लीला पोहोचल्या, पण उभारल्या गेल्या त्या १९६५ मध्ये, मुंबईजवळ कल्याणला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने. तेथे ६१० मेगाहर्ट्‌झवर सूर्याचे वेध घेण्यात आले. पॉसी यांना ते पाहता आले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेच्या संचालकपदी निवड झाल्यानंतर, १९६२ मध्ये तेथील भेटीत ते आजारी पडले. मेंदूतील गाठीने वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कल्याणच्या अनुभवावर उभ्या राहिलेल्या स्वरूप यांच्या गटाने पुढे पुणे जिल्ह्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण बांधली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे स्कियापारेली यान मंगळावर उतरत असताना नासाच्या सहकार्याने येथील अनेक अँटेनांचे संकेत एकत्र करून त्याचा क्षीण संदेश पृथ्वीवरून ऐकण्यात आला. पृष्ठभागावर पोहोचण्याच्या काही क्षण आधी तो थांबला. यान मंगळावर आदळून नष्ट झाल्याचे नंतर उघड झाले.