सौंसरच्या दगडातील शैवल आणि बिरबल साहनी

तापीकाठच्या बऱ्हाणपूरचा काळा दगड आणि गोव्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीत आढळणारा काळा दगड एकाच घराण्यातील. ज्वालामुखींच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून बनलेल्या या खडकाला दख्खन ट्रॅप म्हणतात. तो कोणत्या युगात घडला, या प्रश्नाने पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांना आयुष्याच्या उत्तरार्धात सतत गुंतवून ठेवले.

१४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा येथे त्यांचा जन्म झाला. वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लाहोरचे शिक्षण आटोपून बिरबल केंब्रिजला गेले आणि प्राध्यापक सेवर्ड यांच्या हाताखाली जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १९१९ मध्ये ते परतले, तर १९२१ पासून अखेरपर्यंत लखनौ विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग हीच त्यांची कर्मभूमी राहिली. १९३६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी रोहतकजवळच्या टेकाडात त्यांना प्राचीन नाणी पाडण्याचे साचे सापडले आणि हा वनस्पतिशास्त्रज्ञ नाणेशास्त्रातही रमला. पण तो विषय वेगळा.

लाव्ह्याच्या दोन उद्रेकांमध्ये दीर्घ विसावे असत. थंड झालेल्या खडकावर तळी साचत, त्यांत शेवाळ, नेचे, शंख-शिंपले नांदत, आणि पुढचा उद्रेक सारे गाडून टाकी. ट्रॅपच्या पोटातील या गाळाला अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरच्या उत्तरेस, मराठी बोलणाऱ्या सौंसर परिसरात असे थर गारगोटीसारख्या कठीण चर्ट दगडाच्या रूपात आढळतात. तेथील दगडातून साहनी व त्यांचे सहकारी एस. आर. एन. राव यांनी १९४३ मध्ये गोड्या पाण्यातील एका शैवलाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला गावाचेच नाव दिले : कारा सौसरी.

कारा आजही संथ, स्वच्छ पाण्यात वाढते. तिच्या अंडपेशीभोवती पाच नळीसारख्या पेशी मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेल्या असतात. त्यांवर चुना साचला, की मोहरीहूनही लहान, नक्षीदार गोळी तयार होते आणि कोट्यवधी वर्षे टिकते. नक्षीचे वेढे, आकार आणि टोकाची घडण यांवरून प्रकार ओळखता येतो. ठरावीक प्रकार ठरावीक काळातच आढळत असल्यास ती गोळी खडकाचे वय सांगणारी साक्षीदार ठरते. समुद्री जीवाश्म नसलेल्या या थरांत अशा साक्षीदारांचे मोल मोठे होते.

ट्रॅप क्रिटेशस काळातील, म्हणजे डायनोसॉरच्या युगातील, असे मत ब्लॅनफर्ड यांच्यापासून प्रचलित होते. साहनींनी १९३४ पासून ते नाकारले. ताडवर्गीय वनस्पतींचे अवशेष, अझोला हे पाण्यावर तरंगणारे नेचे आणि राजमहेंद्रीजवळच्या थरांतील कारा यांचा पुरावा जोडून त्यांनी हा खडक नंतरच्या टर्शरी युगातला ठरवला. १९४० साली मद्रासच्या विज्ञान परिषदेत अध्यक्षीय भाषणासाठीही त्यांनी हाच विषय निवडला. युक्तिवाद भक्कम होता. मात्र असे वनस्पती-प्रकार टर्शरीपूर्वी नव्हतेच, या समजुतीवर त्याचा मोठा भार होता. जुन्या खडकांत तेच प्रकार सापडले, तर घड्याळ मागे सरकणार होते.

आणि ते सरकले. किरणोत्सर्गी पद्धतीने झालेले कालमापन आणि अंतरा-ट्रॅपी थरांतच मिळालेले डायनोसॉरचे अवशेष यांमुळे मुख्य उद्रेकांचा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोन्ही युगांच्या सांध्यावरचा निघाला. साहनींनी टाकलेल्या मताला निम्मे बळ मिळाले, त्यांच्या स्वतःच्या मताला निम्मे. सौंसर-नागपूर भागातील कारांचा उपयोग मात्र वाढला. त्यांचे युरोप व आशियातील तत्कालीन कारांशी साम्य दिसू लागले आणि तेव्हा समुद्राने वेढलेल्या भारतात हे गोड्या पाण्याचे शैवल पोहोचले कसे, हा नवा प्रश्न उभा राहिला. वेगेनर यांच्या भूखंडवहनाच्या कल्पनेचा जीवाश्मांच्या आधारे विचार करणाऱ्या साहनींना तो नक्कीच आवडला असता.

ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौत पंडित नेहरूंच्या हस्ते पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची कोनशिला बसली. ती साहनींनी स्वतः जीवाश्म जडवून घडवली होती. १० एप्रिलला त्यांचे निधन झाले. संस्थेचे काम पत्नी सावित्री साहनी यांनी पुढे नेले.