जॉन सॉलोमन रेरी

जॉन सॉलोमन रेरी (६ डिसेंबर, १८२७ – ४ ऑक्टोबर, १८६६) हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन अश्वप्रशिक्षक होते. बिथरलेले, बुजरे आणि माणसाच्या अंगावर धावून जाणारे घोडे मारहाण न करता पुन्हा कामात आणण्यासाठी ते अमेरिकेत व युरोपात प्रसिद्ध होते. गोळी घालण्यावाचून उपाय उरलेला नाही असे ज्याच्याविषयी मानले जात होते, त्या क्रूझर नावाच्या इंग्लिश घोड्याला त्यांनी १८५८ मध्ये माणसाळवले. या घटनेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांची पद्धत 'रेरी पद्धत' या नावाने ओळखली जाते. ती कितपत सौम्य होती, याविषयी आजही मतभेद आहेत.

पूर्वायुष्य

रेरी यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यातील फ्रँकलिन काउंटीत, कोलंबस शहराच्या आग्नेयेस असलेल्या ग्रोव्हपोर्ट येथे झाला. त्यांचे वडील अ‍ॅडम रेरी हे शेतकरी होते. ओहायो-ईरी कालव्याच्या काठच्या दोन शेजारच्या वस्त्या एकत्र होऊन ग्रोव्हपोर्ट हे गाव बनले. शेती, कालवा आणि रस्ता या तिन्ही ठिकाणी घोडा हेच वाहतुकीचे साधन होते. साहजिकच घोडा शिकवणाऱ्या माणसाला कामाची वाण नव्हती. रेरी वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास शेजाऱ्यांची शिंगरे शिकवू लागले.

त्या काळी घोडा शिकवणे म्हणजे त्याचा कणा मोडणे असाच समज सर्वत्र होता. घोड्याला खांबाला बांधावे, उपाशी ठेवावे, चाबकाने दमवावे आणि तो थकून उभा राहिला की पाठीवर चढावे, ही रूढ रीत होती. रेरी यांनीही आरंभी हीच रीत अवलंबली. मात्र अशा रीतीने तयार झालेला घोडा संधी मिळताच उलटतो, हा अनुभव त्यांना वारंवार आला. त्यामुळे त्यांनी घोडा कशाला आणि का घाबरतो याचे निरीक्षण सुरू केले.

घोड्याला वश करण्याची विद्या त्यांच्याआधी नव्हती असे नाही. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील सलिव्हन नावाचा गृहस्थ घोड्याच्या कानात काही पुटपुटून त्याला शांत करतो, अशी त्याची ख्याती होती. आपले गुपित बरोबर घेऊनच तो १८१० च्या सुमारास वारला. अमेरिकेत डेंटन ऑफट यांनी १८४८ मध्ये घोड्यांच्या शिक्षणावर एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. अब्राहम लिंकन यांना १८३१ मध्ये न्यू सेलम येथील आपल्या दुकानात नोकरी देणारे ऑफट ते हेच. रेरी यांनी मूळ विद्या ऑफट यांच्याकडून घेतली, असा आक्षेप पुढे घेतला गेला. पद्धतीतील काही भाग जुना होता हे मान्य केले, तरी त्याची नीट क्रमवार मांडणी करून ती कोणालाही शिकता येईल अशी करण्याचे श्रेय रेरी यांना द्यावे लागते.

पुस्तिका आणि तीन तत्त्वे

१८५६ मध्ये रेरी यांची वन्य घोडे माणसाळवण्याच्या आधुनिक कलेविषयीची छोटी पुस्तिका कोलंबस येथे प्रसिद्ध झाली. तिचा पाया तीन तत्त्वांचा आहे. पहिले असे की, आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे घोड्याला पूर्ण कळले आणि ती अपेक्षा त्याच्या स्वभावाशी सुसंगत असली, तर तो विरोध करत नाही. दुसरे असे की, अनुभवाने कळेल तेवढीच स्वतःची ताकद घोड्याला ठाऊक असते. तिसरे तत्त्व सर्वांत उपयोगी ठरले. घोडा प्रत्येक नवी वस्तू आपल्या पद्धतीने, म्हणजे पाहून, हुंगून आणि नाकाने स्पर्श करून तपासतो. ही तपासणी त्याला पूर्ण करू दिली आणि त्या वस्तूपासून वेदना झाली नाही, तर कितीही भयंकर दिसणारी वस्तू त्याच्या अंगावर ठेवता येते.

म्हणूनच खोगीर एकदम पाठीवर टाकू नये, आधी ते घोड्याला हुंगू द्यावे, मग मानेवरून व खांद्यावरून फिरवावे आणि त्यानंतर पाठीवर ठेवावे, असे ते शिकवत. छत्री, ढोल, रानगव्याचे कातडे अशा घोडा हमखास बुजेल त्या वस्तूंचे प्रयोग ते याच क्रमाने करून दाखवत. म्होरकी दोरीची नको, मऊ चामड्याची हवी, कारण दोरी जबड्याला काचते आणि माणूस जवळ आला की दुखते एवढेच घोडा त्यातून शिकतो, असा त्यांचा आग्रह होता. घोड्याजवळ जाणाऱ्या माणसाच्या मनात भीतीही नसावी आणि रागही नसावा, ही अट त्यांनी सर्वांआधी घातली होती.

मराठीत 'बुजरा' आणि 'द्वाड' असे दोन वेगळे शब्द घोड्यासाठी वापरले जातात आणि आपण ते दोन वेगळे स्वभाव मानतो. रेरी यांच्या प्रतिपादनाचे सार असे की, ज्याला आपण द्वाड म्हणतो तो बहुतेक वेळा बुजरा घोडाच असतो. त्याची भीती कोणी वेळेवर ओळखलेली नसते आणि प्रत्येक वेळी तिचे उत्तर चाबकाने दिले गेलेले असते.

पायाचा पट्टा

केवळ धीराने न वळणाऱ्या घोड्यासाठी रेरी यांच्याकडे आणखी एक उपाय होता आणि इंग्लंडमध्ये तोच गुप्त ठेवण्यात आला. घोड्याचा डावा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून, खूर कोपराजवळ येईल असा चामड्याच्या लहान पट्ट्याने बांधायचा. तीन पायांवर उभ्या असलेल्या घोड्याला दुगाण्या झाडता येत नाहीत आणि उधळताही येत नाही, कारण तसे केले तर त्याचाच तोल जातो. दुसरा लांब पट्टा उजव्या पुढच्या पायाला, खुराच्या वरच्या बाजूस बांधून पोटाच्या तंगातून ओवून घ्यायचा. घोड्याने पाऊल उचलले की प्रशिक्षक हा पट्टा ओढून धरतो आणि घोडा गुडघ्यांवर येतो. काही मिनिटे तो धडपडतो, मग अंग टाकून कुशीवर आडवा होतो. यासाठी खाली पेंढ्याचा जाड थर आवश्यक असे.

खरे काम यानंतर सुरू होते. आडव्या झालेल्या घोड्याच्या मानेवरून, पोटावरून आणि चारही पायांवरून हात फिरवायचा, त्याला थोपटायचे, खुरे हाताळायची, त्याच्या अंगावर बसायचे, मागच्या पायांमध्येही जाऊन बसायचे. या सबंध काळात त्याला कोठेही दुखवायचे नाही. सर्वांत असहाय अवस्थेतही हा माणूस इजा करत नाही, हे घोड्याच्या ध्यानात येते, असे रेरी यांचे म्हणणे होते. पट्टे सोडल्यावर घोडा उठतो तो शांत आणि पुष्कळदा प्रशिक्षकाच्या मागोमाग चालणारा.

इंग्लंडमधील आगमन

१८५७ मध्ये रेरी कॅनडात गेले. तेथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना त्यांनी आपले कौशल्य दाखवले, त्यांची शिफारसपत्रे मिळवली आणि गुडइनफ नावाच्या भागीदारासह वर्षाच्या अखेरीस ते इंग्लंडला पोचले. जानेवारी १८५८ मध्ये विंडसर येथे राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र अल्बर्ट यांच्यासमोर त्यांचा प्रयोग झाला. त्याच महिन्यात राजकन्येचा विवाह असल्याने युरोपातील राजघराण्यांतील मंडळी लंडनमध्ये जमली होती, त्यामुळे ही वार्ता अल्पावधीत सर्व दरबारांत पसरली.

यानंतर शिकवणीची वर्गणी माणशी १० गिनी ठेवण्यात आली. घोड्यांच्या लिलावासाठी प्रसिद्ध असलेल्या टॅटरसॉल पेढीने वर्गणीदारांची यादी सांभाळली. किमान ५०० नावे झाल्यावर वर्ग सुरू व्हायचे होते, आणि प्रत्येक वर्गणीदाराने गुपित न फोडण्याचे लेखी वचन द्यायचे होते. हे गुपित मुळात ओहायोत छापलेल्या पुस्तिकेत बऱ्याच अंशी उघडच झालेले होते. १८५८ मध्येच लंडनच्या राउटलेज या प्रकाशनसंस्थेने ती पुस्तिका सहा पेन्सला बाजारात आणली. अमेरिकन लेखकाच्या पुस्तकाला इंग्लंडमध्ये स्वामित्वहक्काचे संरक्षण नसल्यामुळे रेरी यांना तक्रारीला वाव नव्हता. १० गिनी म्हणजे २१० शिलिंग आणि ६ पेन्स म्हणजे अर्धा शिलिंग. हा फरक पाहता वर्गणीदारांपैकी काहींचा संताप झाला असल्यास नवल नाही. रेरी यांनी सर्वांना वचनातून मुक्त केले. तरीही वर्गांना येणाऱ्यांची संख्या घटली नाही, कारण तोपर्यंत क्रूझरचे प्रकरण घडून गेले होते.

क्रूझर

क्रूझर हा १८५२ मध्ये जन्मलेला शर्यतीचा घोडा. व्हेनिसन या नामांकित घोड्याचा तो पुत्र. डर्बी शर्यतीसाठी त्याची तयारी चालू असताना तो जायबंदी झाला आणि शर्यतीतून बाद ठरला. वंश मोलाचा असल्याने मालक लॉर्ड डॉर्चेस्टर यांनी त्याला पैदाशीसाठी ठेवले. मात्र त्याचा स्वभाव इतका भयंकर झाला की हँपशरमधील मरेल ग्रीन येथे त्याला विटांच्या भक्कम कोठडीत कोंडावे लागले. दाणापाणी झरोक्यातून दिले जाई. मोतद्दार आत जात नसत. त्याच्या तोंडावर सुमारे ८ पौंड वजनाचे लोखंडी मुसके कायमचे चढवलेले होते आणि सुमारे तीन वर्षे त्याच्या पाठीवर कोणी बसलेले नव्हते. एक इंच जाडीची लोखंडी सळई तो दातांनी तोडतो, असे त्याच्याविषयी बोलले जाई. लॉर्ड डॉर्चेस्टर यांनी वर्तमानपत्रातून रेरी यांना या घोड्यावर प्रयोग करून दाखवण्याचे जाहीर आव्हान दिले.

हे आव्हान टाळता येण्यासारखे नव्हते. सौम्य स्वभावाच्या घोड्यांवर दाखवलेल्या करामती म्हणून त्यांचे काम उडवून लावणारे लोक लंडनमध्ये होते. येथे अपयश आले असते तर केवळ कीर्ती नव्हे, प्राणही गेले असते. रेरी एप्रिल १८५८ मध्ये मरेल ग्रीनला गेले, कोठडीत शिरले आणि सुमारे तीन तासांच्या अवधीत त्यांनी क्रूझरवर स्वारी केली. त्यानंतर स्वतः लॉर्ड डॉर्चेस्टरही त्याच्यावर बसले. क्रूझरला गाडीमागे बांधून लंडनला आणण्यात आले आणि पुढील प्रत्येक प्रयोगात तो रेरी यांच्यासोबत असे. जुने लोखंडी मुसके त्याच्याजवळच प्रेक्षकांना दाखवले जाई.

पाहणाऱ्यांना तीन तासांची ती भेट चमत्कार वाटली. परंतु क्रूझर एका भेटीत कायमचा बदलला, असे मानणे बरोबर नाही. त्या दिवसानंतर रेरी यांनी त्याला अंतर दिले नाही. रोजची हाताळणी, खरारा, सराव आणि तोच ओळखीचा आवाज यांची जोड त्याला वर्षानुवर्षे मिळत राहिली. वर्तमानपत्रांनी पहिल्या दिवसाचे वर्णन रंगवून केले आणि पुढील दिवसांकडे फारसे लक्ष दिले नाही, ही वर्तमानपत्रांची नेहमीचीच तऱ्हा म्हणायची.

युरोपचा दौरा आणि स्वदेशागमन

रेरी यांनी फ्रान्स, प्रशिया, स्वीडन, रशिया आदी देशांत प्रयोग केले. पॅरिसमध्ये स्टॅफर्ड नावाच्या मारकुट्या घोड्याला त्यांनी वश केले. लंडनमध्ये त्यांनी एका झेब्र्यालाही खोगिराची सवय लावली. हे काम घोड्यांपेक्षा कितीतरी कठीण गेल्याचे सांगितले जाते. इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांच्या नावावरून घोडा माणसाळवणे या अर्थाचे क्रियापदही रूढ झाले.

१८६० च्या अखेरीस ते क्रूझरसह अमेरिकेत परतले. न्यू यॉर्कच्या निब्लोज गार्डन या नाट्यगृहात व अन्य शहरांत त्यांचे प्रयोग झाले. लवकरच यादवी युद्ध पेटले. १८६२ च्या अखेरीस पोटोमॅक सैन्यातील घोडे व खेचरे यांची पाहणी करून अहवाल देण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे सोपवले. त्यानंतर ते मुख्यतः ग्रोव्हपोर्ट येथेच राहिले. ते अविवाहित होते. १८६५ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ४ ऑक्टोबर, १८६६ रोजी क्लीव्हलंड येथे, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यू यॉर्क येथे प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी अमेरिकेतील पहिली संस्था स्थापन झाली होती.

मूल्यमापन

रेरी यांच्या समकालीनांना त्यांची पद्धत दयेचा विजय वाटली आणि त्या काळातील चाबकाशी तुलना करता हे मत अयोग्य नव्हते. आजचे अभ्यासक मात्र पायाच्या पट्ट्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहतात. घोडा हा मुळात भक्ष्य होणारा प्राणी आहे. पळून जाणे हाच त्याचा बचाव. तो मार्ग बंद करून त्याला जमिनीवर पाडले की तो शांत होतो, पण ती शांतता विश्वासाची की हताशपणाची, हा प्रश्न आहे. सेलिगमन व मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून 'शिकलेली असहायता' ही संकल्पना पुढे आली आणि तिच्या आधारे हा आक्षेप अधिक नेमकेपणाने मांडला जाऊ लागला. १९९८ च्या 'द हॉर्स व्हिस्परर' या चित्रपटात अपघाताने बिथरलेल्या घोड्याचा पाय बांधून त्याला आडवे करण्याचे दृश्य आहे. त्यावरूनही अश्वप्रेमींमध्ये बराच वाद झाला.

या वादात एक गोष्ट निसटू नये. रेरी यांच्या पुस्तिकेतील मोठा भाग पट्ट्याविषयी नाही. शिंगराला कुरणातून न पळवता कसे आणावे, तबेल्यात त्याच्यासोबत आधी एखादा शांत घोडा कसा उभा करावा, म्होरकी कशी घालावी, नवी वस्तू कशी हुंगू द्यावी, यांविषयी तो आहे. मालकांनी टाकून दिलेल्या घोड्यांना पुन्हा नव्या घरी देण्यायोग्य करणाऱ्या संस्थांमध्ये पायाचा पट्टा आता सहसा दिसत नाही. हळूहळू ओळख करून देण्याचा हा क्रम मात्र तेथे चालू आहे. नाट्यगृहातील प्रेक्षकांना पट्टा दिसे, हा क्रम दिसण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसे.

क्रूझरचे उत्तरायुष्य

रेरी यांनी आपल्या मृत्युपत्रात क्रूझरच्या निर्वाहाची तरतूद केली होती. तो ग्रोव्हपोर्टच्या मळ्यावर राहिला. रेरी यांच्या पश्चात त्याचा जुना स्वभाव पुन्हा उफाळून आला, तो इतरांना जवळ येऊ देईना, असे सांगितले जाते. रेरी पद्धतीचे टीकाकार याकडे पद्धतीच्या अपयशाचा पुरावा म्हणून बोट दाखवतात. परंतु क्रूझरचा विश्वास एका माणसावर होता आणि दुसऱ्या हातांशी त्याची तशी ओळख कोणी करून दिली नव्हती, असेही याचे स्पष्टीकरण देता येते. घोडा एकाने शिकवायचा आणि सांभाळायचा दुसऱ्याने, ही आजची नित्याची परिस्थिती रेरी यांच्यापुढे नव्हती. त्यामुळे शेवटचे महिने अनेक माणसांकडून घोडा हाताळून घेण्याचा आजचा पाठ त्यांच्या पुस्तिकेत आढळत नाही.

क्रूझर १८७५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी मरण पावला. ग्रोव्हपोर्ट मॅडिसन शाळेचे क्रीडासंघ आजही 'क्रूझर्स' या नावाने खेळतात.