बुद्ध चितारणारा डॉक्टर

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दोन स्मारके आहेत. एक बुद्धाचे, दुसरे त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे. बुद्धचरित्र आणि चित्रपटाची भाषा यांची सांगड कागदावर घातली ती मात्र जपानच्या ओसामू तेझुका यांनी. जपानी चित्रकथा, अर्थात ‘मांगा’, प्रथमच हाती घेणाऱ्या नाशिककराने त्यांच्या ‘बुद्ध’पासून आरंभ करावा, नायक तरी ओळखीचा आहे. मूळ जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. त्याची सवय लवकर होते. नवखा वाचक अडखळतो तो शब्दच नसलेल्या चौकटींपाशी. तेथे चित्रावर थांबावे लागते.

तेझुका यांचा जन्म १९२८चा, ओसाकाजवळच्या तोयोनाका येथील. बालपण ताकाराझुका येथे गेले. कीटकांचे वेड इतके, की स्वतःच्या नावाला त्यांनी कीटकाचे चित्राक्षर जोडले. १९४५मध्ये ओसाकावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा हा कोवळा मुलगा कारखान्यात राबत होता. त्यातून तो वाचला. पुढे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, पण दवाखाना थाटला नाही. १९४७च्या ‘नवे रत्नद्वीप’ने नाव झाले. दूरचे दृश्य, मग एकदम डोळ्यांपाशी नेणारी चौकट, ही चित्रपटाची रीत त्यांनी चित्रकथेत मुरवली. ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ १९५२मध्ये आला आणि १९६३मध्ये दूरचित्रवाणीवर धावू लागला.

यश डोईजड झाले. त्यांनी उभारलेली चलच्चित्रसंस्था १९७३मध्ये दिवाळखोरीत निघाली. कर्जाचा बोजा त्यांच्यावर पडला, तरुण चित्रकारांनी त्यांना जुनाट ठरवले. ‘बुद्ध’ त्याच सुमाराचा, १९७२मध्ये सुरू झालेला. अग्नीत उडी घेणाऱ्या सशाची कथा आरंभीच येते, आणि सिद्धार्थाच्या जन्माआधी कितीतरी पाने चाप्रा हा गुलाम मुलगा व तत्ता हा अस्पृश्य पोर व्यापून टाकतात. दोघेही कल्पित. श्रद्धाळू वाचकाला मधले विनोद खटकतील. पण जातीच्या उतरंडीचा इतका संताप फार थोड्या बुद्धचरित्रांत आढळतो. अकरा वर्षे चाललेली ही कथा १९८३मध्ये संपली.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रुग्णालयातही हात थांबला नव्हता. बीथोव्हेनवरील चित्रकथा अर्धीच राहिली.